यकृताची पाव हिश्श्याची धमनी

घरातल्या कोणाचं यकृत निकामी झालं आणि ते बदलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, की दात्याचा शोध सुरू होतो. रक्तगट कोणाचा जुळतो, वजन कोणाचं आटोक्यात आहे, कोणाच्या यकृतावर चरबी नाही, अशी चाळण लावत लावत शेवटी एखादं नाव उरतं. बहुधा बायको, मुलगा, मुलगी नाहीतर भाऊ. मग त्या धडधाकट माणसाला सीटी स्कॅनसाठी आडवं करतात, हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि पोटाची शेकडो चित्रं काढतात. दोन दिवसांनी सर्जन पडद्यावर बोट ठेवून म्हणतात, ‘यांची यकृताची धमनी जरा वेगळ्या ठिकाणाहून निघाली आहे. आम्ही आपसांत बोलून कळवतो.’ नातेवाईक बुचकळ्यात पडतात. माणूस ठणठणीत, यकृत चांगलं, मग दोन-तीन मिलिमीटरच्या एका नळीपाशी गाडी का अडली?

गाझियाबादमध्ये राहणाऱ्यांच्या कानावर असं संभाषण पडणं अवघड नाही. यमुनेपलीकडची दिल्ली आणि तिच्या पुढचं गुरुग्राम हा सगळा टापू यकृत प्रत्यारोपणाचं देशातलं एक मोठं केंद्र आहे. बिहारपासून काश्मीरपर्यंतचे रुग्ण इथे येतात, परदेशांतूनही येतात. आणि इथल्या बहुतेक प्रत्यारोपणांत यकृताचा तुकडा जिवंत नातेवाइकाच्या पोटातून घेतलेला असतो. म्हणूनच त्या नळीची चर्चा इथे इतकी होते.

या कोड्याला आणखी एक पदर आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी या धमनीतून येतं ते जेमतेम पाव. उरलेलं पाऊण दुसऱ्याच वाटेने येतं. मग धास्ती पावाचीच का?

दोन वाटांनी येणारं रक्त

शरीरातल्या बहुतेक अवयवांचा हिशेब सरळ असतो. धमनी प्राणवायूने भरलेलं रक्त आणते, शीर वापरलेलं रक्त परत नेते. यकृतात शिरणाऱ्या वाटा मात्र दोन. एक यकृताची धमनी. तिच्यातलं रक्त थेट हृदयाकडून, चांगल्या दाबाने येतं. दुसरी पोर्टल व्हेन, म्हणजे प्रतिहारी शीर. तिच्यात जठर, आतडी, स्वादुपिंड आणि पाणथरी यांतून एकदा फिरून आलेलं रक्त असतं. त्यातला काही प्राणवायू खर्च झालेला असतो, पण जेवणातली साखर, प्रथिनांचे घटक, घेतलेली गोळी, प्यायलेली दारू हे सगळं त्यातूनच यकृतापुढे हजर होतं. यकृताचं मुख्य काम या मालाची छाननी करण्याचं, त्यामुळे ही वाट रुंद असणं साहजिक आहे.

प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं, शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे मिनिटाला दीडेक लिटर, या एका अवयवातून जातो. या दीड लिटरचा पाऊण वाटा पोर्टल शिरेचा, पाव धमनीचा. प्राणवायूचा हिशेब मांडला तर मात्र दोघींचं देणं जवळपास निम्मं-निम्मं भरतं.

हा दुहेरी पुरवठा गाझियाबादकरांना समजावून सांगावा लागू नये. इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा या वसाहतींत वरच्या गंगा कालव्याचं पाणी प्रताप विहारच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. लोक त्याला सरळ ‘गंगाजल’ म्हणतात. जोडीला कूपनलिका असतात. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास गाळ काढण्यासाठी हरिद्वारला कालवा बंद करतात, तो दिवाळीच्या आसपास पुन्हा सोडतात. त्या दिवसांत कूपनलिकांचे पंप जास्त वेळ चालवून कसंबसं भागवलं जातं.

यकृतातही असंच होतं. पोर्टल शिरेतला प्रवाह घटला की धमनी आपणहून रुंदावते आणि जादा रक्त आत सोडते. हे तिला कळतं कसं? धमनीच्या आणि पोर्टल शिरेच्या शेवटच्या बारीक शाखा यकृतात एकाच वेष्टनात शेजारी शेजारी जातात. या वेष्टनातल्या द्रवात अडेनोसिन नावाचं रसायन सतत झिरपत असतं आणि पोर्टल शिरेतलं वाहतं रक्त ते धुऊन नेत असतं. प्रवाह मंदावला की धुणं कमी होतं, अडेनोसिन साचतं. या रसायनाचा गुण असा, की ते धमनीच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. स्नायू सैल झाले, धमनी रुंदावली, रक्त वाढलं. यात मेंदूचा हुकूम लागत नाही, सगळा व्यवहार जागच्या जागी होतो. कॅनडातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेन लॉट यांनी १९८१ मध्ये याला ‘हिपॅटिक आर्टेरिअल बफर रिस्पॉन्स’ असं नाव दिलं. बफर म्हणजे धक्का झेलणारा. अर्थात धमनी सगळी तूट भरून काढत नाही, काही अंशीच काढते.

उलट दिशेने मात्र ही सोय नाही. धमनी बंद पडली म्हणून पोर्टल शीर जास्त रक्त आणत नाही. तिच्यात किती रक्त यायचं हे वरच्या अंगाला, आतडी आणि पाणथरी यांच्याकडून काय येतं त्यावर ठरतं. कूपनलिकेचा पंप जळाला म्हणून हरिद्वारहून जादा पाणी सुटत नाही, तसंच.

महाधमनीपासून यकृताच्या दारापर्यंत

छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा ओलांडून महाधमनी खाली उतरते. पोटात शिरताच तिच्या पुढच्या बाजूने एक आखूड, जाड शाखा निघते. लांबी एक-दोन सेंटिमीटर. तिला सीलियॅक ट्रंक म्हणतात. एवढ्याशा लांबीनंतर तिच्या तीन शाखा होतात. एक डावीकडे वर जठराला, एक डावीकडेच पाणथरीला आणि एक उजवीकडे यकृताच्या दिशेने. अठराव्या शतकातले स्विस शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फॉन हालर यांनी या त्रिकुटाचं वर्णन केलं, म्हणून ते अजून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

यकृताकडे निघालेली शाखा स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने जाते. लहान आतड्याच्या सुरुवातीपाशी ती एक मोठी शाखा खाली, जठर आणि आतडं यांच्यासाठी सोडते आणि मग स्वतः वर वळते. इथून पुढे ती खऱ्या अर्थाने यकृताची. आतडं आणि यकृत यांना जोडणाऱ्या पातळ पडद्याच्या कडेत आता तीन नळ्या एकत्र येतात. उजवीकडे पित्तनलिका, डावीकडे धमनी, दोघींच्या मागे पोर्टल शीर. यकृताला मिळणारं जवळपास सगळं रक्त या दोन बोटं रुंदीच्या जागेतून जातं, म्हणून ते दोन बोटांच्या चिमटीत थांबवताही येतं. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी यकृताला मार लागून होणारा रक्तस्राव रोखण्यासाठी हा उपाय १९०८ मध्ये मांडला. आजही यकृतावरच्या शस्त्रक्रियेत ही जागा पंधराएक मिनिटं चिमट्याने बंद ठेवतात, काही मिनिटं सोडतात, पुन्हा बंद करतात.

यकृताच्या दाराशी धमनीच्या उजवी आणि डावी अशा दोन शाखा होतात. उजवी बहुतेकांत पित्तनलिकेच्या मागून जाते, काहींत पुढून. पित्ताशयाला रक्त देणारी बारीक धमनी या उजव्या शाखेतूनच निघते. यकृत प्रत्यारोपण फार थोड्यांच्या वाट्याला येतं, पण पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया घरोघरी होते, आणि गंगेच्या खोऱ्यात तर पित्ताशयाचे विकार, अगदी कर्करोगसुद्धा, जास्त आढळतात. तेव्हा इथे क्षणभर थांबायला हवं.

पित्ताशय काढताना सर्जनला दोनच गोष्टी कापायच्या असतात, पित्ताशयाची नळी आणि पित्ताशयाची धमनी. अडचण अशी, की यकृताची उजवी धमनी तिथून हाकेच्या अंतरावर असते, आणि काही जणांत ती वळसा घेऊन थेट पित्ताशयाला चिकटते. घाईत तिलाच पित्ताशयाची धमनी समजण्याचा धोका असतो. म्हणून आधी एका त्रिकोणी जागेतली चरबी साफ करून, दोनच नळ्या पित्ताशयात शिरताना दिसल्याशिवाय काही कापायचं नाही, असा शिरस्ता आहे. या त्रिकोणाला फ्रेंच डॉक्टर कॅलो यांचं नाव आहे. गंमत अशी, की १८९१ च्या प्रबंधात कॅलो यांनी आखलेल्या त्रिकोणाची वरची बाजू पित्ताशयाची धमनी होती. आज सर्जन ज्याला कॅलोचा त्रिकोण म्हणतात त्याची वरची बाजू यकृताची कड असते आणि ती धमनी त्रिकोणाच्या पोटात सापडते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. त्यानंतर हा त्रिकोण हजारो सर्जन रोज पडद्यावर पाहू लागले.

पित्तनलिकांचा एकमेव आधार

आता मूळ प्रश्नाकडे. पाऊण रक्त आणणारी पोर्टल शीर शाबूत असताना पाव हिश्श्याच्या धमनीची एवढी काळजी का?

यकृताच्या पेशींपुरतं बोलायचं तर त्यांना दोन्ही वाटांचं रक्त मिळतं. दोन्हींतलं रक्त बारीक पोकळ्यांमध्ये एकत्र मिसळतं आणि पेशींना चाटून पुढे जातं. पण यकृतात पेशींखेरीज पित्तनलिकांचं जाळं असतं. यकृतात तयार झालेलं पित्त या नलिकांतून वाहत आतड्यात जातं. त्यांच्या भिंती पित्ताच्या सतत संपर्कात असतात आणि पित्त हे काही सौम्य द्रव्य नव्हे, त्यातले क्षार पेशींची आवरणं विरघळवू शकतात. हा मारा सोसून भिंती टिकवायच्या तर रक्त भरपूर हवं. आणि नलिकांभोवतालच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात रक्त येतं ते फक्त धमनीतून. कालव्याचं पाणी या नळापर्यंत पोहोचतच नाही, त्याची जोडणी केवळ कूपनलिकेशी.

म्हणून धमनी बंद झाली की यकृताच्या पेशी काही काळ तग धरतात, पण पित्तनलिका मरू लागतात. त्यांच्या भिंती झडतात, पित्त बाहेर झिरपतं, पू साचतो, किंवा महिन्यांनी नलिका जागोजाग आक्रसतात. कावीळ आणि ताप पुन्हा पुन्हा येत राहतात.

यावर वाचक विचारेल, की मग एखाद्या साध्या माणसाची धमनी अपघातात बांधावी लागली तर काय होतं? बऱ्याचदा तो निभावून जातो. कारण यकृत आपल्या आजूबाजूच्या अवयवांशी पडद्यांनी जोडलेलं असतं आणि त्या पडद्यांतून, विशेषतः श्वासपटलाकडून, बारीक धमन्या यकृतात येत असतात. मुख्य धमनी बंद झाली की या आडवाटा मोठ्या होतात. पण दुसऱ्याच्या शरीरातून काढून आणलेल्या यकृताच्या सगळ्या आडवाटा तोडलेल्या असतात. त्याला सुरुवातीला शिवून दिलेली एकच धमनी. तिच्यात गुठळी झाली तर नव्या यकृताच्या पित्तनलिकांना दुसरा आधार नसतो, आणि वेळेत रक्त सुरू झालं नाही तर पुन्हा प्रत्यारोपण करण्याची पाळी येऊ शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या खाटेशी सोनोग्राफीचं यंत्र आणून वारंवार डॉप्लर तपासणी करतात. डॉप्लरमध्ये वाहत्या रक्ताचा वेग दिसतो आणि ऐकूही येतो. डॉक्टर त्यात सर्वांत आधी शोधतात तो धमनीचा ठोका.

गर्भातल्या तीन धमन्या

आतापर्यंत सांगितलेली रचना पाठ्यपुस्तकातली. तिच्याखाली ‘सर्वसाधारण’ असं छापलेलं असतं, आणि ते अर्धसत्य आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मायकेल्स यांनी २०० शवांचं अतिशय चिकाटीने विच्छेदन केलं आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. यकृताच्या धमन्यांचे त्यांना दहा प्रकार दिसले. पाठ्यपुस्तकातल्या चित्राबरहुकूम रचना होती अवघ्या ५५ टक्क्यांत. पुढे १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सर्जनांनी प्रत्यारोपणासाठी काढलेल्या १,००० यकृतांचा हिशेब मांडला. त्यात नेहमीची रचना सुमारे ७६ टक्क्यांत सापडली. एकीकडे विच्छेदनाच्या टेबलावर सावकाश सोडवलेले धागे, दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या धामधुमीत पाहिलेल्या धमन्या. आकडे जुळणार नाहीतच. पण वेगळेपणाचा कमीत कमी आकडा धरला तरी चारांतला एक माणूस वेगळा निघतो. मला विचाराल तर शालेय चित्रांत एकच धमनी रंगवण्याऐवजी तीन-चार रचना शेजारी शेजारी द्यायला हव्यात.

ही विविधता येते कुठून? गर्भात यकृत तयार होत असताना त्याला रक्त देणाऱ्या धमन्या तीन असतात. डाव्या भागाला जठराच्या डाव्या धमनीकडून, मधल्या भागाला सीलियॅक ट्रंककडून, आणि उजव्या भागाला आतड्यांच्या मोठ्या धमनीकडून. ही आतड्यांची धमनी महाधमनीतून सीलियॅकच्या जरा खाली निघते, डॉक्टर तिला ‘एसएमए’ म्हणतात. गर्भ वाढतो तसतशी मधली धमनी सगळं यकृत आपल्या ताब्यात घेते आणि बाजूच्या दोघी विरून जातात. निदान ठरलेलं तसं आहे. कोणात डावी टिकून राहते, कोणात उजवी, क्वचित दोन्ही. म्हणजे ही नव्याने उपटलेली विकृती नसून गर्भातल्या जुन्या वाटांपैकी एखादी न बुजता राहिलेली असते, आणि म्हणूनच त्या वाटा मनाला येईल तिथून निघत नाहीत. जठराच्या धमनीतून येणारी डावी आणि एसएमएमधून येणारी उजवी, हेच दोन प्रकार सर्वांत जास्त आढळतात. लॉस एंजेलिसच्या मोजणीत दोन्हींचं प्रमाण साधारण दहा-दहा टक्के होतं.

वेगळ्या धमनीमुळे त्या माणसाला आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. प्रश्न उभा राहतो तो दुसरं कोणी सुरी हातात घेतं तेव्हा. जठराच्या कर्करोगात जठराची डावी धमनी मुळाशी बांधतात. तिच्यातूनच यकृताच्या डाव्या भागाला रक्त जात असेल तर तो भाग उपाशी पडेल. एसएमएमधून निघालेली उजवी धमनी पोर्टल शिरेच्या आणि स्वादुपिंडाच्या डोक्याच्या मागून वर चढते. स्वादुपिंडाचं डोकं काढताना ती नेमकी चाकूच्या वाटेवर असते.

> अहवालात हे शब्द दिसले तर
>
> ‘रिप्लेस्ड राइट हिपॅटिक आर्टरी फ्रॉम एसएमए’: यकृताच्या उजव्या भागाची संपूर्ण धमनी नेहमीच्या जागी नाही, आतड्यांच्या धमनीतून निघाली आहे.
>
> ‘अ‍ॅक्सेसरी लेफ्ट हिपॅटिक आर्टरी’: नेहमीची डावी धमनी आहेच, शिवाय जठराच्या धमनीतून एक जोडधमनी आली आहे.
>
> यापैकी कशालाही औषध किंवा पथ्य लागत नाही. पुढे पोटाची कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी पित्ताशयाची, तर हा अहवाल सर्जनच्या हाती द्यावा.

यकृत कुठे कापायचं

बाहेरून पाहिलं तर यकृताचे एक मोठा उजवा आणि एक छोटा डावा असे दोन भाग दिसतात, मध्ये एक पडदा. पण हा पडदा आतल्या रक्तवाहिन्यांची सीमा नाही. खरी सीमा त्याच्या बरीच उजवीकडे, पित्ताशयापासून मागच्या महाशिरेपर्यंत जाणाऱ्या एका अदृश्य रेषेवर आहे. हे लक्षात आलं हाँगकाँगमध्ये काम केलेल्या स्कॉटिश डॉक्टर जेम्स कँटली यांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ही रेषा दाखवून दिली. (हेच कँटली चीनचे नेते सुन यत्-सेन यांचे गुरू. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत डांबलेल्या शिष्याची सुटका त्यांच्याच खटपटीमुळे झाली.) पुढे १९५७ मध्ये फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ खंड पाडले. प्रत्येक खंडाला धमनीची स्वतंत्र शाखा, पोर्टल शिरेची स्वतंत्र शाखा, पित्ताची स्वतंत्र नलिका. एक खंड काढला तरी शेजारचा चालू राहतो. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला देता येतो तो या रचनेमुळे, आणि उरलेलं यकृत काही आठवड्यांत वाढून बरीचशी भरपाई करतं म्हणून.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथे आईच्या यकृताचा तुकडा मुलाला बसवून तो यशस्वी झाला. भारतात १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला आणि १५ नोव्हेंबर १९९८ रोजी दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात लहान मुलावरचं देशातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं. रुग्ण तमिळनाडूतल्या कांचीपुरमचा वीस महिन्यांचा मुलगा. जन्मतःच पित्तनलिका बुजलेल्या असण्याचा आजार त्याला होता. दाता त्याचे वडील. हा मुलगा पुढे मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला.

अशा लहान मुलाला बापाच्या यकृताच्या डाव्या कडेचे दोन खंड पुरतात. मोठ्या माणसाला साधारणपणे अख्खा उजवा भाग लागतो, म्हणजे दात्याच्या यकृताचा साठ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा. इथे धमनीचं गणित सुरू होतं.

मृत दात्याकडून यकृत घेताना सर्जन हात आखडत नाहीत. सीलियॅक ट्रंक, वेळप्रसंगी महाधमनीचा छोटा तुकडासुद्धा सोबत घेता येतो. शिवायला चांगलं रुंद तोंड मिळतं. रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसवून १९१२ चं नोबेल मिळवणाऱ्या अलेक्सिस कॅरेल यांच्या नावाने हा तुकडा ओळखला जातो. जिवंत दात्याच्या बाबतीत ही चैन नाही. मुख्य धमनी त्याच्याकडेच राहिली पाहिजे, कारण त्याला उरलेल्या यकृतावर जगायचं आहे. तेव्हा उजवा भाग घेताना फक्त उजवी शाखा, ती जिथून फुटते त्याच्या पुढे कापायची. हाती येतो दोन-तीन मिलिमीटर व्यासाचा, आखूड देठ. उजव्या भागाला दोन धमन्या असतील तर तसे दोन देठ, आणि दोनदा शिवण. त्याहून पेचाची गोष्ट म्हणजे यकृताच्या मधल्या, चौथ्या खंडाची धमनी. ती डाव्या शाखेतून निघत असेल तर प्रश्न नाही. काहींत ती उजव्या शाखेतून निघते. तिच्या अलीकडे कापलं तर दात्याच्या पोटात राहणारा चौथा खंड रक्ताला मुकतो. म्हणून तिच्या पलीकडे कापावं लागतं, आणि घेणाऱ्याच्या वाट्याला आणखी तोकडा देठ येतो. दाता नाकारला जातो किंवा ‘चर्चा करून सांगतो’ असं ऐकायला मिळतं ते अशा वेळी. हा नकार दात्याच्या जिवाची काळजी घेणारा असतो, हे त्या घाबरलेल्या घरात कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं. पुष्कळदा ते राहून जातं.

गमतीचा भाग असा, की नेहमीपेक्षा वेगळी रचना इथे कधी कधी वरदान ठरते. उजवी धमनी एसएमएमधून स्वतंत्र निघाली असेल तर ती लांब असते आणि डाव्या भागाशी तिचा संबंध नसतो. सर्जनला चांगला लांब देठ मिळतो, दात्याची डावी धमनी मुळीच हलवावी लागत नाही.

हा देठ शिवायचा धागा माणसाच्या केसाहून बारीक असतो. जपानमधल्या क्योटोच्या चमूने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या शिवणीसाठी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरला आणि धमनीत गुठळ्या होण्याचं प्रमाण खाली आलं. आता काही ठिकाणी सूक्ष्मदर्शक वापरतात, काही ठिकाणी चष्म्याला लावलेली भिंगं. एकेक टाका घालताना आतल्या पातळ अस्तराला चिमट्याची पकड लागू द्यायची नाही, कारण दुखावलेल्या अस्तरावर गुठळी धरते.

गाठीला रक्त कुठून येतं

या धमनीचा एक स्वभाव डॉक्टरांनी उपचारासाठी वापरून घेतला आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत ब्रीडिस आणि यंग या संशोधकांनी दाखवलं, की यकृतातल्या कर्करोगाच्या गाठी आपलं रक्त मुख्यतः धमनीतून घेतात, पोर्टल शिरेतून फारसं घेत नाहीत. भोवतालचं निरोगी यकृत मात्र बरंचसं पोर्टल शिरेवर जगतं.

सीटी स्कॅनमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. शिरेतून सोडलेलं औषध अर्ध्या मिनिटाच्या आसपास धमन्यांत पोहोचतं, त्या वेळच्या चित्रात यकृताची गाठ भोवतालापेक्षा उजळ दिसते. मिनिटभराने औषध आतड्यांतून फिरून पोर्टल शिरेवाटे येतं, तेव्हा निरोगी यकृत उजळतं आणि गाठ फिकी पडते. एकाच माणसाचं सीटी दोन-तीनदा का काढतात, असं कुरकुरणाऱ्यांना हे उत्तर आहे.

उपचाराचं नाव ‘टेस’. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी सरकवत महाधमनीत, तिथून सीलियॅक ट्रंकमध्ये, मग यकृताच्या धमनीत आणि शेवटी गाठीला रक्त देणाऱ्या नेमक्या शाखेत नेतात. तिथे कर्करोगाचं औषध सोडतात आणि मागून ती शाखा बारीक कणांनी बुजवतात. औषध गाठीत अडकून राहतं, रक्त तुटल्याने गाठ उपाशी पडते. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन चाचण्यांत निवडक रुग्णांचं आयुष्य याने वाढतं असं दिसलं आणि ही पद्धत जगभर रुळली. नळी सरकवणाऱ्यालाही मायकेल्स यांचे दहा प्रकार पाठ असावे लागतात. गाठीला रक्त एसएमएमधून निघालेल्या उजव्या धमनीतून येत असेल आणि नळी सीलियॅकमध्ये असेल, तर औषध भलतीकडेच जाईल. कण चुकून आतड्याकडे जाणाऱ्या शाखेत घसरले तर तिथे व्रण होतात.

आणि हे सगळं करण्याआधी एक तपासणी चुकवून चालत नाही. पोर्टल शीर उघडी आहे ना, हे पाहावं लागतं. यकृताचा कर्करोग पुष्कळदा पोर्टल शिरेतच पसरतो आणि ती बुजवतो. तशा रुग्णाचं उरलंसुरलं निरोगी यकृत धमनीच्याच रक्तावर चाललेलं असतं, आणि मोठ्या भागाची धमनी बुजवली तर गाठीबरोबर यकृतही बंद पडू शकतं. अशा वेळी डॉक्टर धमनी बुजवण्याचं टाळतात, किंवा अगदी छोट्या शाखेपुरतं करतात, किंवा औषधगोळ्यांकडे नाहीतर धमनीवाटे किरणोत्सारी कण सोडण्याकडे वळतात. हे कण इतके सूक्ष्म असतात, की ते गाठीत अडकून किरणोत्सर्ग करतात, पण मोठ्या शाखांमधला रक्तप्रवाह फारसा अडवत नाहीत.